प्रोबवर तीन, केस पेपरवर पाच

नेरूळच्या एका दातांच्या दवाखान्यात दीड वर्षापासून हायजिनिस्ट म्हणून काम करणाऱ्या मुलीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "हिरड्यांचं पॉकेट (दात आणि हिरडी यांच्यामधली फट) मोजताना ३-४ मिमी आलं तरी सर केस पेपरवर ५-६ लिहायला सांगतात, म्हणजे पेशंटला डीप क्लीनिंग (हिरडीखालपर्यंतची सफाई) सांगता येतं. प्रत्येक डीप क्लीनिंगमागे मला पगाराशिवाय थोडे पैसे मिळतात. पेशंट मला डॉक्टर म्हणतात, तेही दुरुस्त करू नकोस असं सर म्हणतात. ताई, यात मी कुठे अडकेन का? नोकरी सोडू का?"

ताई म्हटलंस, म्हणून अगं-तुगं करते. मी आधी काही वर्षं वाशीला होते, आता ठाण्यात नौपाड्यात आहे. हातात स्केलर, म्हणजे दातांवरचं किटण काढायचं हत्यार, धरून तेवीस वर्षं झाली, त्यामुळे तुझा प्रश्न मला नवा नाही. उत्तर मात्र वाटतं तितकं सरळ नाही.

नोकरीचं शेवटी बघू. तो घरभाड्याचा प्रश्न आहे आणि घरभाडं तुला भरायचंय, मला नाही. त्याच्या आधीचा एक प्रश्न तू विचारलेलाच नाहीस: केस पेपरवरचा तो आकडा कोणाचा? "सर लिहायला सांगतात" असं तू म्हणतेस, म्हणजे तुझ्या मनात आकडा सरांचा आणि हात तेवढा तुझा. मला उलट वाटतं. निदान सरांचं, कोणता उपचार करायचा तो निर्णयही सरांचाच. आकडा तुझा. प्रोब, म्हणजे पॉकेट मोजायची ती खुणांची बारीक सळई, हिरडीत गेला तेव्हा तो तुझ्या बोटांत होता, रेघ तुझ्या डोळ्यांनी पाहिली.

१९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टने आपली व्याख्या जेमतेम दोन ओळींत केली. डेंटिस्ट किंवा डॉक्टर नसलेली, दात स्केल करणारी, साफ करणारी, पॉलिश करणारी किंवा तोंडाच्या स्वच्छतेचं शिक्षण देणारी व्यक्ती म्हणजे हायजिनिस्ट. बस, एवढंच. निदान नाही, औषध लिहून देणं नाही, इंजेक्शन नाही. (डीप क्लीनिंग म्हटलं की बऱ्याचदा भूल द्यावी लागते. तुझ्या हातात कोणी सिरिंज दिली तर ती तिथल्या तिथे परत कर, त्यावर चर्चासुद्धा नको.) व्याख्या एवढी अरुंद असल्यामुळे आपल्याला वाटतं की जबाबदारीही तेवढीच अरुंद. तसं नसतं. डॉक्टर पुढचं सगळं त्या मोजमापावर रचतात. पाया खोटा निघाला तर तो कोणी घातला हे विचारलं जातंच.

"अडकेन का" या तुझ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगून टाकलंय. पेशंट उद्या ठाण्याच्या ग्राहक आयोगात गेला तर तक्रार दवाखान्यावर आणि सरांवर होईल, तुझ्यावर बहुधा होणार नाही. पण तिथे पुरावा म्हणून केस पेपरच उघडला जातो आणि त्यावर अक्षर तुझं असतं. दुसरं, पेशंटची संमती. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की संमती खरी ठरायची तर पेशंटला आधी पुरेशी माहिती मिळालेली असली पाहिजे. पाच ऐकून पेशंटने मान डोलावली आणि हिरडीत तीनच होतं, तर त्या मान डोलावण्याला काय किंमत उरली? आता शिक्षा किती, कलम कुठलं, हे वकिलाला विचार. मी दात साफ करते.

आता तुला न आवडणारी गोष्ट. सरांवर शंका घेण्याआधी स्वतःच्या हातावर घे.

माझ्या चौथ्या-पाचव्या वर्षी मी असंच एका डॉक्टरांबद्दल मनात धरून बसले होते. मला खालच्या पुढच्या दातांपाशी ३ लागायचं, ते येऊन ६ सांगायचे. मला वाटलं, झालं, दुकान मांडलं यांनी. एकदा त्यांनी एक्स-रे माझ्यासमोर धरला. हाड दाताच्या जवळजवळ अर्ध्यापर्यंत खाली गेलेलं. हिरडीखाली किटणाची एक कपार तयार झाली होती, माझा प्रोब तिच्यावर टेकायचा आणि मी त्याला तळ समजायचे. ते कपारीला वळसा घालून, दाताला लगटून प्रोब खाली न्यायचे. म्हणजे चुकत मी होते आणि वर त्यांच्याबद्दल घरी जाऊन बडबडत होते.

याच्या उलटही होतं. सुजलेल्या हिरडीचा तळ मऊ पडलेला असतो, त्यातून प्रोब पलीकडे जातो आणि आकडा फुगून येतो. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन घेणाऱ्या काही जणांच्या हिरड्या वाढतात, दातावर वर चढतात. मग पॉकेट ५ दिसतं, पण हाड जागच्या जागी असतं, हिरडी फक्त उंच झालेली असते. म्हणून नुसतं पॉकेट बघून काही ठरत नाही. हिरडी दातावरून किती खाली सरकलीय, एक्स-रेमध्ये हाड काय सांगतंय, साखर किती आहे, हे सगळं सोबत लागतं. विडी-सिगारेटवाल्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे ती आहे त्यापेक्षा बरी दिसते. त्यात फसू नकोस.

आणि तुझ्या ट्रेमध्ये कोणता प्रोब आहे? विल्यम्स असेल तर त्याच्या खुणा नीट बघ: १, २, ३, ५, ७, ८, ९, १०. चार आणि सहाची रेघच नाही. तीन आणि पाचच्या मधल्या मोकळ्या जागेत हिरडीची कड आली की आपण अंदाजाने ४ म्हणतो. तुझा आणि सरांचा सगळा वाद नेमका याच बिनरेघेच्या जागेत चाललाय, लक्षात आलं का? यूएनसी-१५ प्रोबवर दर मिलिमीटरला खूण असते आणि ४ ते ५ चा पट्टा काळा असतो. तो मागून घे. मिळाला नाही तर स्वतःच्या पैशाने घे, चैन म्हणून नाही.

दोन जणांच्या मोजणीत एका मिलिमीटरचा फरक प्रामाणिकपणेही पडतो. तेवढ्यावरून कोणाला खोटारडं म्हणू नये. पण फरक दोनचा असेल, दर पेशंटला असेल, आणि दर वेळी वरच्याच बाजूला असेल, तर ती मोजणी राहिली नाही.

हाताच्या दाबाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण खोटं न लिहिताही खोटं बोलायची सोय इथे आहे. प्रोबिंगचा दाब साधारण २०-२५ ग्रॅमचा. हाताला तो कळावा म्हणून प्रोबचं टोक अंगठ्याच्या नखाखाली ठेवून हलकेच दाबायचं, कातडी पांढुरकी पडली की थांबायचं. दुखायला नको. आता हाच हात थोडा जड केला, तर सुजलेल्या हिरडीत ३ चे ५ सहज होतात. शिवाय रक्तही येतं, तेही पेशंटला आरशात दाखवता येतं. कागदावर सगळं खरं: आकडा खरा, रक्त खरं. फक्त हात लबाड. हे मी दोन दवाखान्यांत पाहिलंय आणि करणाऱ्या मुली वाईट नव्हत्या. महिन्याच्या शेवटी किती डीप क्लीनिंग झाली ते मोजलं जात होतं, तसतसा हात आपोआप जड होत गेला. तुझ्या त्या वरच्या पैशांची मला काळजी वाटते ती यासाठी. डेंटिस्टांसाठीच्या २०१४ च्या आचारसंहितेत पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन घेण्या-देण्याला मनाई आहे. तुझे पैसे त्या अर्थाने कमिशन नाहीत, मान्य. पण उपचार वाढले की तुझी कमाई वाढते आणि उपचार वाढवणारा आकडा तूच मोजतेस. तराजू आणि गल्ला एकाच हातात देऊ नये, हे आपल्याकडे भाजीवालीसुद्धा जाणते. सरांना सांग: हे पैसे पगारात घाला, नाहीतर तपासणीवर द्या, एका उपचारावर देऊ नका. कमी झाले तरी चालतील म्हण. चालत नसेल तर तेही स्वतःशी कबूल कर, लाजायचं कारण नाही, पण मग पुढचं वाचताना ते डोक्यात असू दे.

सरांशी बोलायचं कसं? पेशंटसमोर कधीच नाही. खुर्चीवर तोंड उघडून पडलेल्या माणसाच्या डोक्यावर दोघांनी वाद घालणं यासारखी वाईट गोष्ट नाही. मी एकच वाक्य वापरत आले: "सर, मला इथे तीनच लागतंय, तुम्ही एकदा बघता का?" यात आरोप नाही, विनंती आहे, आणि खरीच विनंती आहे, कारण तू चुकत असशील तर तेही कळेल. त्यांनी स्वतः प्रोब घातला आणि पाच सांगितलं, तर शेजारी त्यांच्या नावाने पाच लिहायचं. तुझा तीन खोडायचा नाही. व्हाइटनर तर केस पेपरच्या आसपासही नको. आकडा खरंच चुकला असेल तर त्यावर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, बाजूला नवा आकडा, तारीख, सही. जे डॉक्टर प्रामाणिक असतात ते यावर चिडत नाहीत. उलट दोन-तीनदा असं झालं की ते स्वतःहून तपासायला येतात. जे चिडतात त्यांच्याबद्दल तुला जे कळायचं ते कळलं.

सरांना पटेल असा वैद्यकीय मुद्दाही तुझ्याकडे आहे. किटण भरपूर असलेल्या तोंडात पहिल्या दिवशीच्या पॉकेटवरून मोठे उपचार ठरवायची घाई कशाला? आधी नीट स्केलिंग, ब्रश कसा फिरवायचा ते शिकवणं, आणि चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा मोजणी. सूज उतरली की बरेच ५ चे ३-४ झालेले असतात. जे उरतात त्यांना डीप क्लीनिंगची खरी गरज असते, आणि तेव्हा पेशंटही हो म्हणतो, कारण बाकीच्या जागा सुधारलेल्या त्याने स्वतः पाहिलेल्या असतात. धंद्याच्या हिशेबानेही हे तोट्याचं नाही. माझ्याकडे अशी अर्धी कुटुंबं आहेत जी आजीपासून नातवापर्यंत याच खुर्चीवर येतात.

वेळेचं मात्र प्रामाणिकपणे सांगते. अठ्ठावीस दात, दर दाताला सहा जागा, म्हणजे १६८ मोजण्या. पंधरा मिनिटांत स्केलिंगसकट हे कोणाच्याही हाताला जमत नाही. तुझ्याकडे तेवढाच वेळ असेल तर सगळं मोजल्याचं नाटक करू नकोस. ज्या जागा मोजल्यास तेवढ्याच लिही, बाकी कोऱ्या सोड. कोरी चौकट बघून निदान पुढच्या माणसाला कळतं की इथे कोणी पोचलंच नव्हतं.

हे एवढं ताणून सांगतेय, कारण न लिहिण्याची किंमत मी एकदा पाहिलीय. वाशीला असताना बाजारातला एक माथाडी स्केलिंगला आला होता. तंबाखू-चुना मळून खालच्या ओठाच्या खोबणीत धरायची सवय. ओठ खाली ओढला तर नेमक्या त्याच जागी पांढरा, सुरकुतलेला, नखाएवढा चट्टा. मी पाहिला. बाहेर सहा जण थांबले होते. मला वाटलं डॉक्टरांनी पाहिलाच असेल. डॉक्टरांना वाटलं असेल, काही असतं तर हिने सांगितलं असतं. केस पेपरवर फक्त "स्केलिंग पूर्ण". आठ-नऊ महिन्यांनी तो दात दुखतो म्हणून परत आला तेव्हा चट्ट्यात लाल ठिपके होते आणि कड हाताला घट्ट लागत होती. पुढे परळला टाटामध्ये बायोप्सी, ऑपरेशन, ओठाचा थोडा भाग गेला. माणूस वाचला, नंतर कित्येक वर्षं यायचा आणि मला काही बोलायचा नाही, कारण त्याला माहीतच नव्हतं. तेव्हापासून मी ओठ, गाल, जीभ, जिभेखालची जागा, सगळं बघते आणि जे दिसलं ते लिहिते: जागा, रंग, मिलिमीटरमध्ये आकार. नाव देत नाही. "ल्युकोप्लेकिया" लिहायचा अधिकार माझा नाही, पण "पांढरा चट्टा, पुसून जात नाही, १० बाय ६" लिहायचा आहे. आणि डॉक्टरांना हाक मारून दाखवते, बाहेर सहा असोत की सोळा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तोंडं बघितलीस की बंदी कुठे आहे ते कळतं. घरातल्या बायकांना विचारताना "तंबाखू खाता का" असं विचारू नकोस, नाही म्हणतील. "मिश्री लावता का" विचार.

बघ, तिथे मी कमी लिहिलं, इथे तुला जास्त लिहायला सांगतायत. केस पेपर दोन्हीकडे खोटाच.

पेशंटने तुला सरळ विचारलं तर? "खरंच करायला पाहिजे का हो डीप क्लीनिंग?" स्केलिंगने दात हलायला लागतात, फटी पडतात असं ऐकून आलेला माणूस घाबरलेलाच असतो. सरांच्या विरोधात भाषण नको, पण खोटंही नको. "मला इथे तीन लागलं, डॉक्टरांनी पाच सांगितलंय, त्यांना एक्स-रे दाखवून समजावून सांगायला सांगा, आणि वाटलं तर दुसरं मत घ्या." दुसरं मत घेणं हा त्यांचा हक्क आहे, तुझी गद्दारी नाही.

एक चूक मात्र करू नकोस. अशा वेळी पहिली बुद्धी होते ती पुरावा म्हणून केस पेपरचे फोटो मोबाइलमध्ये काढायची. त्या कागदावर कोणाचा तरी एचआयव्ही, कोणाचं गरोदरपण लिहिलेलं असतं. ते तुझ्या मोबाइलमध्ये आणि तिथून मैत्रिणीच्या व्हॉट्सॲपवर गेलं, तर चूक सरांची राहत नाही, तुझी होते. स्वतःच्या वहीत तारीख आणि काय बोलणं झालं एवढं लिही, पेशंटचं नाव न घालता. तक्रार करायची वेळ आलीच तर ती राज्याच्या डेंटल कौन्सिलकडे, लेखी, आणि तुझी स्वतःची नोंदणी चालू आहे ना ते आधी तपासून.

तू विचारलं नाहीस, पण विचारते: दोन पेशंटच्या मध्ये स्केलरच्या टिपा ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) जातात की स्पिरिटने पुसल्या जातात? आकडे फुगवणाऱ्या ठिकाणी मी बहुतेक वेळा टिपाही पुसलेल्याच पाहिल्यात. बाकी सगळ्यात "परिस्थितीवर अवलंबून" आहे, यात नाही. १२१ अंशांना तीस मिनिटं, पाऊचमध्ये, पट्टीचा रंग बदललेला. टिपा कमी पडत असतील तर पेशंट थांबेल. आणि तुझे हेपॅटायटिस बीचे तीन डोस झालेत का?

"डॉक्टर" म्हणण्याचं सोपं आहे. पहिल्यांदा म्हटलं की हसून सांगायचं, "मी डॉक्टर नाही, हायजिनिस्ट, डॉक्टर आत आहेत." दुसऱ्यांदाही म्हटलं तर पुन्हा. तिसऱ्यांदा म्हणतात तेव्हा ते आदराने म्हणत असतात, सोडून दे. पण सर दुरुस्त करू नको म्हणतात तेव्हा तो आदर नसतो. पेशंटला वाटावं की डॉक्टरांनी तपासलं, आणि सर तिकडे दुसऱ्या खुर्चीवर मोकळे, असा तो हिशेब आहे. हे त्यांना बोलून दाखवायची गरज नाही, तू आपली सांगत राहा.

आता नोकरी. आपल्याला नोकऱ्या मोजक्याच आहेत, बहुतेक दवाखान्यांत डॉक्टर स्वतःच स्केलिंग करतात, हे तुला माहीत आहे. मी एकदा सोडली तेव्हा दुसरी मिळायला चार महिने लागले आणि ते चार महिने छान गेले असं मी म्हणणार नाही. म्हणून उद्याच राजीनामा दे असं सांगणार नाही. महिनाभर वर सांगितलं तसं वागून बघ: स्वतःचा खरा आकडा, सरांना बोलावणं, त्यांचा आकडा त्यांच्या नावाने. काही सर यात बदलतात, मी पाहिलेत. बदलले नाहीत, पण तुला तुझा आकडा लिहू देत असतील, तर थांबून शोधत राहायला हरकत नाही. तुझा आकडा पुसून त्यावर तुझ्याच अक्षरात दुसरा लिहायला लावला, तर मात्र त्या महिन्याचा पगार घे, नोटीस लेखी दे, आणि कारणात "वैयक्तिक" लिहून बाहेर पड.

नव्या ठिकाणी मुलाखतीला गेलीस की खुर्चीजवळचा ट्रे बघ. त्यात प्रोब दिसला नाही तर पगाराच्या आधी तेच विचार.